तिचं काम कुणाच्या नावावर?

मेरिअॅन फेथफुल ही ब्रिटिश गायिका आणि अभिनेत्री ३० जानेवारी २०२५ रोजी लंडनमध्ये वारली. वय ७८. तिचं पहिलं गाणं १९६४ साली आलं तेव्हा ती १७ वर्षांची होती, आणि रोमँटिक कवींच्या कवितांच्या वाचनाची तिची ध्वनिमुद्रिका २०२१ साली निघाली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षांचं काम. या काळात तिने वीसेक ध्वनिमुद्रिका केल्या, चेकॉव्ह आणि शेक्सपिअरच्या नाटकांत भूमिका केल्या, चित्रपट केले, आत्मचरित्र लिहिलं, आणि पन्नाशीच्या आसपास बर्लिनच्या कॅबरेची जुनी गाणी गात युरोप-अमेरिकेत दौरे केले.

ती गेल्यावर आलेले मृत्युलेख मी जमतील तेवढे वाचले. त्यांतल्या अनेकांत पहिल्या चार ओळींतच एका पुरुषाचं नाव भेटत होतं. ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदाचा गायक मिक जॅगर. ती त्याची एके काळची प्रेयसी होती, त्याची ‘प्रेरणा’ होती. हे नातं १९६६ ते १९७०, जेमतेम चार वर्षांचं. साठ वर्षांच्या कामाची ओळख चार वर्षांच्या सहवासावरून करून द्यायची, ही रीत आपल्याला अनोळखी नाही. पण इथे मला विशेष खटकला तो ‘प्रेरणा’ हा शब्द. ऐकायला तो गौरवाचा वाटतो. जरा खरवडून पाहिलं तर कळतं की प्रेरणेला मोबदला नसतो, तिचं नाव तबकडीवर छापलं जात नाही, आणि तिचं वय वाढलेलं कुणाला आवडत नाही. बाईने केलेलं काम काम म्हणून न मोजण्याची ही एक सभ्य पद्धत आहे, एवढंच मला या लेखात म्हणायचं आहे.

काही मैत्रिणी विचारतील, ही बाई आपली कोण? गोऱ्या देशातली, सरदार घराण्याशी नातं सांगणारी, नशा करणारी पॉपगायिका. तिच्यावर चळवळीच्या अंकात चार पानं कशाला खर्च करायची? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की तिच्या आयुष्यात जे घडलं त्याची यादी केली तर ती आपल्या ओळखीची निघते. बाईचं श्रेय दुसऱ्याच्या नावे जमा होणं, तिच्या चारित्र्याची जाहीर चिरफाड, मुलाचा ताबा जाणं, रस्त्यावर येणं, आणि एवढं होऊनही स्वतःच्या हिमतीवर पुन्हा कामाला लागणं. ती प्रसिद्ध होती म्हणून या सगळ्याची नोंद राहिली. नोंद आहे म्हणून आपल्याला ती तपासता येते.

नाचणारी आई

मेरिअॅनचा जन्म २९ डिसेंबर १९४६ चा, लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा. वडील युद्धकाळात ब्रिटिश सैन्याच्या गुप्तहेर खात्यात होते, पुढे लंडनमध्ये इटालियन साहित्याचे प्राध्यापक झाले. आई एव्हा ऑस्ट्रियातल्या उमराव घराण्यातली. तरुणपणी बर्लिनमध्ये ती नृत्यांगना म्हणून काम करत होती. एव्हाची आई ज्यू होती. हिटलरच्या काळात या मायलेकींनी व्हिएन्नामध्ये जीव मुठीत धरून दिवस काढले. १९४५ साली शहर ‘मुक्त’ झालं, तेव्हा आलेल्या सोव्हिएत सैनिकांनी दोघींवर बलात्कार केले. मेरिअॅनने हे पुढे जाहीरपणे सांगितलं. २०१३ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमातही या इतिहासाचा शोध घेतला गेला. युद्ध कोण जिंकलं आणि कोण हरलं याचा हिशोब पुस्तकांत असतो. जिंकणाऱ्यांनी बायकांचं काय केलं, ते मुलींना घरात उशिरा कळतं, तेही तुकड्या-तुकड्यांनी.

मेरिअॅन सहा वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले. आई मुलीला घेऊन रेडिंग या गावात लहानशा घरात राहू लागली. घराण्याचं नाव मोठं होतं, हातात पैसा नव्हता. मुलगी कॉन्व्हेंट शाळेत सवलतीवर शिकली. मध्ये क्षयाचं दुखणं झालं. ‘सरदारकन्या’ म्हणून वर्तमानपत्रांनी तिला पुढे रंगवलं, त्यामागची परिस्थिती ही अशी होती.

‘तिला गाता येतं का?’

१९६४ साली लंडनमधल्या एका मेजवानीत रोलिंग स्टोन्सचा व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डहॅम याने तिला पाहिलं. तिने आत्मचरित्रात लिहिलं आहे, की तिला गाता येतं का हे त्याने तिच्याबरोबर आलेल्या मित्राला विचारलं. ती तिथेच उभी होती. चेहरा पसंत पडला, आवाजाची चौकशी नंतर झाली, आणि तीही दुसऱ्याकडे. नोकरीच्या बाजारात ‘शी विल डू’ म्हणतात त्यातलाच हा प्रकार, फक्त चकचकीत.

जॅगर, रिचर्ड्स आणि ओल्डहॅम यांनी लिहिलेलं ‘अॅज टिअर्स गो बाय’ हे गाणं तिला दिलं गेलं. ते ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोचलं. गाण्याचा विषय काय, तर खेळणाऱ्या मुलांकडे पाहून हळहळणारं, आयुष्य सरलेलं माणूस. गाणारी १७ वर्षांची. पण विकायची होती ती तिची निरागसता. लांब सोनेरी केस, खाली झुकलेली नजर, कॉन्व्हेंटमधली मुलगी. १९८७ साली, चाळिशीत, तिने हेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. पहिल्यात एक मुलगी सांगितलेलं गाते आहे. दुसऱ्यात त्या शब्दांचा अर्थ कळलेली बाई गाते आहे.

१९६५ मध्ये तिने लग्न केलं, त्याच वर्षी मुलगा झाला. लग्न टिकलं नाही. १९६६ पासून ती जॅगरबरोबर राहू लागली. या काळात ती नुसती कुणाच्या बाजूला बसून नव्हती. १९६७ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये चेकॉव्हच्या ‘थ्री सिस्टर्स’मध्ये ग्लेंडा जॅक्सनबरोबर तिने इरिना केली. १९६८ साली ‘द गर्ल ऑन अ मोटरसायकल’ हा चित्रपट, १९६९ साली टोनी रिचर्ड्सनच्या ‘हॅम्लेट’मध्ये ऑफिलिया. ती सतत वाचत असे. बुल्गाकोव्हची ‘द मास्टर अँड मार्गारिटा’ ही कादंबरी तिने जॅगरला वाचायला दिली आणि त्यातून रोलिंग स्टोन्सचं ‘सिंपथी फॉर द डेव्हिल’ हे प्रसिद्ध गाणं निघालं. हा किस्सा तिच्या ‘प्रेरणा’ असण्याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो तिच्या वाचनाचा पुरावा आहे. पुस्तक शोधणं, वाचणं, ते कुणाला उपयोगी पडेल हे ओळखणं हे बौद्धिक काम आहे. पुरुषाने पुरुषाला असं पुस्तक दिलं तर त्याला आपण सहकारी म्हणतो.

एक धाड आणि दोन न्याय

१२ फेब्रुवारी १९६७ रोजी ससेक्समधल्या कीथ रिचर्ड्सच्या घरावर अमली पदार्थांसाठी पोलिसांची धाड पडली. घरातल्या मंडळींत ती एकटी बाई. नुकतीच आंघोळ करून आली होती आणि अंगाभोवती केसाळ गालिचा गुंडाळून बसली होती. जूनमध्ये खटला चालला. जॅगर आणि रिचर्ड्स आरोपी होते, तिच्यावर कसलाही आरोप नव्हता. तरी सरकारी पक्षाने भर न्यायालयात त्या गालिच्याची चर्चा केली. तिचा उल्लेख ‘मिस एक्स’ असा होत होता आणि ती कोण हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. आरोप नसल्यामुळे उत्तर द्यायला तिला जागाही नव्हती. याच प्रकरणातून तिच्याबद्दल एक अत्यंत घाणेरडी आणि साफ खोटी अफवा उठली. ती तिला मरेपर्यंत चिकटली. ती अफवा काय होती हे मी इथे सांगणार नाही. सांगणं म्हणजे पुन्हा तेच करणं.

जॅगरला ज्या गोळ्यांबद्दल शिक्षा झाली त्या मुळात आपल्या होत्या, त्याने दोष स्वतःवर घेतला, हे तिने पुढे सांगितलं. त्याचं हे वागणं मोठेपणाचं होतं, ते मान्य करायला हवं. मुद्दा त्याच्या वागण्याचा नाही, समाजाच्या वागण्याचा आहे. जॅगरला तीन महिन्यांची आणि रिचर्ड्सला वर्षाची शिक्षा झाली तेव्हा १ जुलै १९६७ रोजी ‘द टाइम्स’सारख्या प्रतिष्ठित दैनिकाने जॅगरच्या बाजूने अग्रलेख लिहिला. महिन्याभरात अपिलात दोघे सुटले, आणि पूर्वीपेक्षा मोठे झाले. बंडखोर, व्यवस्थेला न जुमानणारे नायक म्हणून. जिच्यावर खटलाच नव्हता तिच्या माथी मात्र शिक्का बसला. तिने स्वतः नंतर मुलाखतींतून नेमकं हेच मांडलं, की नशेच्या नादी लागलेल्या पुरुषाभोवती वलय तयार होतं, आणि तसंच वागणारी बाई छिनाल ठरते, वाईट आई ठरते.

हे तिचं रडगाणं नव्हतं, याला दाखला आहे. कीथ रिचर्ड्स १९७७ साली कॅनडात टोरोंटोमध्ये हेरॉइनसह पकडला गेला. त्यालाही लहान मुलं होती. स्थगित शिक्षा झाली, आणि अंधांसाठी एक कार्यक्रम करावा असा न्यायालयाचा आदेश झाला. त्याला तुरुंगात टाकायला हवं होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. व्यसनाकडे आजार म्हणून पाहावं, या मताची मी आहे. मला एवढंच दिसतं की समजूतदारपणा कुठे दाखवायचा हे लिंग पाहून ठरतं.

गाणं लिहिलं कुणी?

आता श्रेयाची गोष्ट. १९६९ च्या फेब्रुवारीत तिची एक छोटी तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला ‘सिस्टर मॉर्फिन’ हे गाणं होतं. इस्पितळात खाटेवर पडलेला माणूस नर्सची आणि वेदना थांबवणाऱ्या औषधाची वाट पाहतो आहे, असा प्रसंग. शब्द आपले आहेत, असं ती सुरुवातीपासून सांगत आली. नशेचा उल्लेख आहे म्हणून कंपनीने ती तबकडी लगेच बाजारातून काढून घेतली. १९७१ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘स्टिकी फिंगर्स’ या ध्वनिमुद्रिकेत तेच गाणं आलं. पुरुषांनी गायलं तेव्हा ते बाजारात राहिलं, गाजलं. त्यावर लेखक म्हणून नावं होती जॅगर आणि रिचर्ड्स. तिचं नाव नव्हतं. कायदेशीर झगडा करून तिचं नाव तिथे यायला १९९४ साल उजाडलं. पंचवीस वर्षं.

या गाण्याबद्दल आणखी एक गोष्ट ती आवर्जून सांगे. ते लिहिलं तेव्हा ती स्वतः हेरॉइनच्या आहारी गेलेली नव्हती. तिने ते कल्पनेने लिहिलं होतं. लोक मात्र ते तिची कबुली म्हणूनच ऐकत राहिले. पुरुषाने खुन्याच्या तोंडी गाणं लिहिलं तर तो कवी ठरतो. बाईने रुग्णाच्या तोंडी लिहिलं की ती तिची रोजनिशी ठरते. बाईला अनुभव असतो पण कल्पनाशक्ती नसते, असा हा समज आहे, आणि तो आपल्याकडच्या समीक्षेतही ठाण मांडून आहे. आत्मकथन लिहिलं की कौतुक, कादंबरी लिहिली की ‘हे तुमच्याच बाबतीत घडलं का हो?’

सोहोतली भिंत

जुलै १९६९ मध्ये जॅगरबरोबर ती ऑस्ट्रेलियात सिडनीला गेली. तिथे एका चित्रपटात तिला काम करायचं होतं. झोपेच्या गोळ्यांचा मोठा डोस घेतल्याने ती सहा दिवस बेशुद्ध होती. त्याआधी काही महिने, गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं. १९७० साली जॅगरशी नातं संपलं, त्याच वर्षी मुलाचा ताबाही गेला. मग सुमारे दोन वर्षं ती लंडनच्या सोहो भागात रस्त्यावर राहिली. युद्धात बॉम्ब पडून मोडलेल्या एका भिंतीशी तिचा मुक्काम असे. अन्न जात नव्हतं, हेरॉइन सुटत नव्हतं.

इथे दोन गोष्टी एकदमच म्हणायला हव्यात. पहिली, व्यसनाने तिच्या मुलाचं बालपण खरंच हिरावलं असतं. ताबा देताना मुलाचं हित पाहायलाच हवं, आणि ती त्या काळात मूल सांभाळण्याच्या स्थितीत नव्हती. बाई आहे म्हणून हे झाकायचं कारण नाही. दुसरी, तिला आधार देणारी काही माणसं होती, तिचं नाव लोकांना ठाऊक होतं, आणि म्हणून तिला परतीची वाट सापडू शकली. त्याच गल्लीत तिच्यासारख्याच झोपलेल्या इतर बायकांचं पुढे काय झालं, हे कुणी लिहिलं नाही. तिच्या सुटकेची गोष्ट सांगताना ‘मनात आणलं तर बाई काहीही करू शकते’ असा धडा काढणाऱ्यांना हे विसरायला आवडतं. मनात आणून घर मिळत नाही. उपचार केंद्रात जागा मिळत नाही. त्याला पैसा लागतो, ओळख लागते, सरकारी आरोग्यसेवा लागते.

चिरकलेला आवाज

१९७९ साली ‘ब्रोकन इंग्लिश’ ही ध्वनिमुद्रिका आली तेव्हा ती चेल्सीतल्या एका रिकाम्या घरात, कब्जा करून राहणाऱ्यांच्या वस्तीत राहत होती. आवाज पार बदलला होता. सिगारेट, आजारपण, नशा यांनी तो खाली उतरला होता, जागोजागी चिरकत होता. सोनेरी केसांच्या मुलीचा आवाज ऐकायला आलेल्या लोकांना धक्का बसला. शीर्षकगीतामागे जर्मनीतल्या सशस्त्र डाव्या गटातल्या उलरिके माइनहोफचा विचार होता. एका गाण्यात फसवल्या गेलेल्या बाईचा संताप इतक्या उघड, रांगड्या भाषेत होता की तोवर स्टुडिओत बाईच्या तोंडी तसं क्वचितच ऐकू आलं असेल. आणि ‘द बॅलड ऑफ लुसी जॉर्डन’ हे शेल सिल्व्हरस्टीनने लिहिलेलं गाणं, उपनगरातल्या नीटनेटक्या घरात गुदमरणाऱ्या गृहिणीचं. बारा वर्षांनी, १९९१ साली, ‘थेल्मा अँड लुईझ’ या चित्रपटात ते वाजलं. दोन बायका घर मागे टाकून गाडी हाकत निघतात तो चित्रपट अनेक मैत्रिणींनी पाहिला असेल.

आता या आवाजाविषयीही एक सोयीची दंतकथा तयार झाली. दुःखाने, नशेने तिचा आवाज ‘घडवला’. म्हणजे आधी श्रेय जॅगरला, नंतर हेरॉइनला. मला हे तितकंच चीड आणणारं वाटतं. नशेने आवाज फक्त बिघडतो. बिघडलेल्या आवाजात कुठली पट्टी पेलेल, शब्द कुठे तोडायचा, कुठे नुसतं बोलायचं, हे शोधणं म्हणजे रियाज. बॅरी रेनॉल्ड्स या गिटारवादकासारखे सहकारी घेऊन तिने ते केलं. काही गाणी त्यांनी मिळून लिहिली. पुढेही ती लगेच सावरली नाही. १९८५ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या उपचार केंद्रात राहून तिने हेरॉइन सोडलं, तेव्हा ती ३८ वर्षांची होती.

सात पापं आणि दोन अॅना

कॅबरे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला पिसांचा पोशाख आणि दिव्यांचा झगमगाट येतो. युरोपातला, विशेषतः पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्लिनमधला कॅबरे वेगळा होता. छोटं दालन, टेबलं, धूर, एक पियानो आणि गाणारी बाई. गाण्यांत राजकारणाची टर, पैशाची टर, नवराबायकोच्या ढोंगाची टर. गळा गोड असण्यापेक्षा शब्द नेमका पोचवणं महत्त्वाचं. हिटलर आला आणि हे संपलं. संगीतकार कुर्ट वाइल ज्यू होता, तो मार्च १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेला.

मेरिअॅन या गाण्यांकडे वळली तेव्हा ती आईच्या तरुणपणाकडेच वळत होती. १९९१ साली डब्लिनच्या गेट थिएटरमध्ये ब्रेश्ट आणि वाइल यांच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’त तिने पायरेट जेनी केली. १९९६ साली पियानोवादक पॉल ट्रूब्लडबरोबर ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी ब्लूज’ ही कॅबरे गीतांची ध्वनिमुद्रिका काढली. मग आली ब्रेश्ट-वाइल यांची ‘द सेव्हन डेडली सिन्स’, व्हिएन्नाच्या रेडिओ वाद्यवृंदासह केलेली, १९९८ साली प्रसिद्ध झालेली. ज्या शहरात तिच्या आईने आणि आजीने ते दिवस काढले, त्याच शहरातल्या वादकांबरोबर.

‘सेव्हन डेडली सिन्स’ ही १९३३ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा झालेली नृत्य-संगीतिका. तिची गोष्ट आपल्या गटांत सांगून चर्चा करावी अशी आहे. लुइझियानातलं एक कुटुंब. घर बांधायचं आहे, पैसे नाहीत. म्हणून मुलीला कमवायला शहरांत पाठवतात. मुलीचं नाव अॅना, पण रंगमंचावर त्या दोघी असतात. एक गाते, व्यवहार पाहते. दुसरी नाचते, तिला मन आहे. सात वर्षं, सात शहरं, आणि प्रत्येक शहरात नाचणाऱ्या अॅनाच्या हातून एक ‘पाप’ घडू पाहतं. कॅबरेत अंग दाखवण्याऐवजी खरं नृत्य करावंसं वाटतं, हा तिचा गर्व. करारात वजन ठरलेलं असताना पोटभर खावंसं वाटतं, हा हावरटपणा. अन्याय पाहून राग येतो, तो क्रोध. पैसेवाल्याला सोडून ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याकडे ओढ, ती वासना. व्यवहारी अॅना तिला दरवेळी आवरते, वळणावर आणते. घरची मंडळी लांबून प्रार्थना करत राहतात, मुलगी बिघडू नये म्हणून. आईची भूमिका एक पुरुष खर्जात गातो! शेवटी घर उभं राहतं.

बाईने माणसासारखं वागायचं ठरवलं की ते पाप, आणि स्वतःला नीट विकलं की ते पुण्य. हे ब्रेश्टने नव्वद वर्षांपूर्वी लिहिलं. पन्नाशीतल्या मेरिअॅनच्या घोगऱ्या आवाजात ते ऐकताना मला वाटलं, यातली विकणारी आणि विकली जाणारी अशा दोन्ही अॅना तिने आतून पाहिल्या आहेत. कुणीही नुसत्या आयुष्याच्या जोरावर हे गाऊ शकत नाही. आयुष्य तर कितीजणींचं तसंच असतं. त्याला कलेची मेहनत लागते, आणि ती इथे स्पष्ट ऐकू येते.

२००७ साली आलेल्या ‘इरिना पाम’ या चित्रपटात तिने मॅगी नावाची विधवा आजी केली. नातवाच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून ही साधी बाई सोहोतल्या सेक्स क्लबात काम धरते, आणि ते काम मन लावून, नीट करते. गावातल्या बायकांना कळतं तेव्हा काय होतं, मुलगा काय म्हणतो, हे चित्रपट फार शांतपणे दाखवतो. मॅगीची कीव करत नाही, तिचा उदो उदोही करत नाही. जिथे कधी ती भिंतीशी पडून होती त्याच सोहोत साठीची मेरिअॅन हे काम करत होती. उत्कृष्ट अभिनेत्रीच्या युरोपियन चित्रपट पुरस्कारासाठी तिला नामांकन मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी तिच्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार झाले होते. २०२० साली कोविडने ती मरणाच्या दारात जाऊन आली, आणि वर्षभराने बायरन, शेली, कीट्स यांच्या कवितांचं वाचन वॉरन एलिसच्या संगीतासह घेऊन पुन्हा लोकांपुढे आली.

आपण काय करायचं?

तिला आपल्या चळवळीची नायिका बनवावं असं माझं म्हणणं नाही. तिच्या आयुष्यात न पटण्यासारखं पुष्कळ आहे आणि तिने स्वतःच ते आत्मचरित्रात लपवलेलं नाही. मला दुसरीच काळजी वाटते. ‘प्रेरणा’ म्हणणाऱ्यांना आपण हसतो, पण आपल्याकडेही एक तयार साचा आहे, ‘बळी’ नावाचा. बाईची कहाणी सांगायची तर अत्याचारापासून सुरू करायची, अत्याचारावर संपवायची. बलात्कार, ताबा, व्यसन, रस्ता, हे सगळं सांगून झालं की जागा संपते आणि तिने केलेलं काम शेवटच्या ओळीत जातं. अशा वेळी तिच्याशी वाईट वागणाऱ्यांइतकंच आपणही तिचं काम झाकतो. अत्याचाराची नोंद हवीच. तिच्या शेजारी कामाची नोंदही तितक्याच तपशिलाने हवी.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या अंकात, आपल्या अहवालात, कुणाच्या शोकसभेत एखाद्या बाईबद्दल लिहिताना-बोलताना पहिल्या परिच्छेदात तीन गोष्टी याव्यात. तिने काय काम केलं, ते कुणाच्या नावावर लागलं, आणि त्याचे पैसे कुणाला मिळाले. ती कुणाची बायको, कुणाची मुलगी, कुणाची मैत्रीण होती, हे त्यानंतर. आपल्याच संघटनांपासून सुरुवात करू. पत्रकं कुणी लिहिली, गाणी कुणी रचली, पथनाट्याच्या तालमी कुणी घेतल्या, आणि खाली सही कुणाची होती, ते जुने अंक काढून एकदा तपासू या. जिथे नाव गळलं आहे तिथे पुढच्या छपाईत ते घालता येईल. ‘सिस्टर मॉर्फिन’वर तिचं नाव यायला पंचवीस वर्षं आणि कायद्याचा झगडा लागला. आपल्याला एवढा वेळ लागायचं कारण नाही.